बाजवाल्याचं पान

९ फेब्रुवारी, सोमवार

पल्लवे, विसरलीस ना? पुण्याला जाताना तूच म्हणली होतीस, "आजी, रोज दोन ओळी सांगत जा, आई लिहून घेईल, मी आले की वाचीन." आता तू येशील, ही वही हातात घेशील अन् विचारशील, हे काय आहे? तुझ्या आजोबाचं असंच होतं. चष्मा कपाळावर अन् सगळं घर धुंडाळून राहिलेत. म्हणून पयलीच ओळ ही: हे तूच सांगितलं होतं.

लिहून घेती मंदा, तुझी आई, माझी सून. मला अक्षर येत न्हाई, पण तिच्या ओळी मुंग्या चालल्यावानी सरळ दिसतात. मघाशी विचारती, "आई, 'नाही' लिहू का 'न्हाई'?" म्हणलं, मी बोलती तसं लिही, शाळा नको चालवू. तुझं नाव ती पुरतं लिहीत न्हाई, नुसतं 'प.' लिहिती. जागा वाचती म्हणे.

हळद काढणं सुरू. सगळ्या बायांची नखं पिवळी.

दुपारी प.चा फोन. "आजी, आजोबांचं पान केलं." कसलं पान? तर इंटरनेटवर एक मोठा कोश आहे, जगातलं सगळं त्यात. नदी, राजा, मासा, आमदार. कुणीबी लिहावं, कुणीबी वाचावं. त्यात तिनं माझ्या मालकाचं पान लिहिलं. मंदानं मोबाईल माझ्यासमोर धरला. फोटो तोच, बाजेपाशी उभे, टोपी तिरपी. वर ठळक अक्षरात नाव. मंदानं ते मोठ्यानं वाचलं अन् माझा हात आपसूक पदराकडं गेला. लगीन झाल्यापासून ते नाव मी एकदा उखाण्यात घेतलं, तेवढंच. आता जगात कुणीबी घ्यावं.


१० फेब्रुवारी, मंगळवार

बाजेवर पडल्या पडल्या सांगून राहिले. मंदा खाली बसून लिहिती. हीच ती बाज. सुंभ कितीदा बदललं, लाकूड तेच बाभळीचं.

प.ला पुरतं ठाऊक न्हाई म्हणून सांगते. मालक आमदारकीला अपक्ष उभे राहिले. एकदा न्हाई, तीनदा. तिन्ही टायमाला पडले. पयल्या बारीला हापिसातून निशाणी मिळाली खाट. आमी तिला बाजच म्हणतो. घरी आले तर तोंड एवढंसं. त्यांना बैलगाडी पायजे होती. गावात हसू. "बापू, आमदार होऊन झोपणार का?" मीबी हसले. मी तर सगळ्यात जास्त हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी ही बाज उचलली, बैलगाडीत घातली अन् निघाले. गावोगाव जायचं, लिंबाखाली बाज टाकायची अन् म्हणायचं, बसा. स्वतः खाली मातीत. भाषण न्हाई, लाउडस्पीकर न्हाई. मत मागणारा खाली अन् मत देणारा वर, असं आमच्या भागात कुणी बघितलं न्हवतं. माणसं आधी लाजायची. मग बसायची. मग बोलायची. एकदा बोलायला लागली की उठायची न्हाईत.

सगळे बाजेवर बसले अन् शिक्का दुसरीकडं मारला.

मी बाजेवरच मारला. चित्र बघून शिक्का मारायला अक्षर कशाला लागतं?

तवापासून ह्यांना नाव पडलं, बाजवाले बापू.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

पानावर लाल चौकट आली. मंदानं वाचून दाखवलं: हे पान काढून टाकावे असा प्रस्ताव आहे. आठ दिवस चर्चा, मग निकाल.

प्रस्ताव कुणाचा? तर नाव पाणकावळा. मी म्हणलं, हे काय नाव झालं? प. म्हणती, तिथं माणसं खरं नाव सांगत न्हाईत, असंच काहीतरी घेतात. म्हणजे सगळा कारभार बुरख्यात.

त्याचं म्हणणं असं. मंदा, बराबर उतरव. "निवडणूक लढवली, एवढ्यावरून स्वतंत्र पान होत नाही. निवडून न आलेल्या उमेदवाराबद्दल कुटुंबाबाहेरच्या, विश्वासार्ह ठिकाणी सविस्तर लिहिले गेले असेल, तरच पान ठेवावे. इथे तसे दिसत नाही. पान नातीने लिहिलेले दिसते."

शेवटचं वाक्य त्यानं कशावरून ओळखलं? प.नं लिहिलं होतं म्हणे, "ते अतिशय प्रेमळ होते अन् त्यांना धपाटे आवडत."

प. चिडलेली. मी न्हाई चिडले. पडण्याची आमच्या घराला सवय आहे. पण रात्रीची भाकरी तशीच झाकून ठेवली. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली. आता त्याला उठवून परत उभं केलं अन् परत...


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प.नं विचारलं, "आजी, तवाचे पेपर आहेत का घरात? बातमी आली असंल ना?"

आली होती. ह्यांनी वाचून दाखवली होती. एका पेपरात बाजेचा फोटोबी होता. बाकीच्या पेपरात निवडून येणाऱ्याचं नाव, पडणाऱ्या मोठ्याचं नाव, मग 'इतर'. हे 'इतर'मध्ये.

"मग तो फोटोचा पेपर कुठं हाय?"

कुठं असायचा? डब्याच्या तळाला घातला असंल. न्हाईतर त्यात भाकरी बांधल्या अन् रानात नेल्या. मला काय म्हाईत त्या कागदावर कोण बसलंय? मला सगळे कागद सारखेच, काळे ठिपके. तेल शोषून घेणारा कागद चांगला, एवढंच मला कळतं.

प. मग म्हणली, "आजी, तू आजोबांना भाकरीत गुंडाळलंस."

म्हणलं, व्हय. पोटाशीच गेले ना कुणाच्या तरी.

एक बातमी तिला सापडली. परभणीकडच्या कुठल्याशा पेपरातली, चार ओळींची. पाणकावळा म्हणतो, एक पुरत न्हाई.

त्याचं काय चुकलं म्हणावं? मी बसून विचार केला. दर टायमाला किती जण उभे राहतात. कुणी खरं उभं राहतं. कुणी दुसऱ्याची मतं खायला. कुणी तर अर्ज भरतं तेच समजूत घालून घ्यायला. रुसलेल्या जावयावानी बसतं अन् शेवटच्या दिवशी हसत मागं घेतं. त्या सगळ्यांची पानं केली तर त्या कोशात पाय टाकायला जागा राहायची न्हाई. चाळण पायजेच. पण चाळणीच्या भोकाएवढाच माझा माणूस निघाला, त्याला काय करू?


१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. गावातली निम्मी माणसं औंढ्याला नागनाथाच्या जत्रेला. मी घरी. उपासाची भगर खाल्ली, दाण्याची आमटी खाल्ली, जरा जास्तच खाल्ली, अन् बाजेवर डोळा लागला.

सपान पडलं. कालव्याला पाणी सुटलंय. सिद्धेश्वर धरणाचं पाणी, हिरवं, गार. पाण्यावर आमची बाज तरंगून राहिली अन् तिच्यावर मालक झोपलेले, तोंडावर टोपी. बाज चालली हळूहळू, वरच्या हट्टा गावाकडनं आमच्या गावाकडं. काठावर माणसं उभी, कुणी हाक मारत न्हाई, जाग येईल म्हणून. मीबी काठानं चालले. पुढं पाण्यात एक वाळलेलं झाड, त्याच्यावर पाणकावळा. पंख दोन्हीकडं पसरून वाळवत बसलेला. मी म्हणलं, बाबा, सरक जरा, बाज जाऊ दे. तो म्हणतो, "आजी, मी अडवत न्हाई. मी फक्त बघतो आहे, कोण येतंय."

जाग आली तर शेजारच्या वावरात हळद शिजायला लागलेली. काहिलीची वाफ अंगणापर्यंत. घर दिसंना, लिंब दिसंना, सगळं गाव पिवळ्या धुक्यात. थोडा वेळ कळंना की मी अजून काठावरच आहे का.

दत्ता येऊन गेला. दत्ता म्हणजे आमच्या चुलत जावेचा पोरगा, फाट्यावर ऑनलाइन सेंटर चालवतो. त्याला कुणीतरी पानाचं सांगितलं. "काकू, बापूला पाडून राहिले तिथं? मी बघतो." त्याच्या डोळ्यात चमक होती. मला तवाच भ्या वाटलं.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं सांगायचं राहिलं. काल हात रिकामा न्हवता, मतदान होतं.

सकाळीच मारुतीच्या पारावर भोंगा. "बाजवाले बापूंच्या पानासाठी मतदान सुरू आहे! घरटी सगळ्यांनी यावं! मोबाईल न्हाई त्यांनी दत्ताच्या मोबाईलवरून द्यावं!" पाराखाली खुर्ची, टेबल, वर मंडप. हळदीच्या वावरातून बाया तशाच आल्या, डोईवर टोपल्या. ज्यांनी जिंदगीत बापूला मत दिलं न्हाई ते म्हातारे सगळ्यात आधी. एक जण तर काठी टेकत टेकत माझ्यापाशी आला. "वहिनी, तवा राहून गेलं. आज देतो."

म्हणलं, द्या द्या. उशीर काय न्हाई झाला, माणूस तेवढा मेलाय.

तांड्यावरनं धनीबाई आली. ती अन् मी एका वयाच्या, जवान होतो तवा संगतीनं कापूस वेचला. ती विचारती, "सुंदराबाई, मशीन कुठं हाय? अन् शाई?" शाई कुठली? तर कुणीतरी टूम काढली, मत दिलं की बोटाला ओली हळद लावायची. पण हळदीच्या दिवसात सगळ्यांचीच बोटं पिवळी. कोण देऊन आलं अन् कोण न्हाई, कळंना. काही जणांनी दोनदा दिलं. एका पोरीनं आजीच्या नावानं, मावशीच्या नावानं अन् शेळीच्या नावानं दिलं.

मीबी दिलं. दत्तानं अंगठा धरून काचेवर टेकवला. चित्र न्हवतं तिथं. नुसती अक्षरं. बाज न्हाई, काही न्हाई. अंधारात शिक्का मारल्यावानी झालं.

दुपारी सगळ्यांना चहा झाला. दत्ता म्हणतो, "काकू, या टायमाला बापू निवडून आले समजा."

अन् खरं सांगू का, घटकाभर मला तसं वाटलं. पारावर ऊन पडलं होतं, वाफेचा वास होता, भोंग्यावर ह्यांचं नाव होतं. मी लिंबाकडं बघितलं तर खाली मातीत कुणीतरी बसलंय असं...


१८ फेब्रुवारी, बुधवार

प. फोनवर रडली.

"आजी, कुणी सांगितलं हे करायला? तिथं मतं मोजत न्हाईत! तिथं कारण मोजतात, पुरावा मोजतात. सगळं गाव येऊन 'काढू नका, काढू नका' लिहून गेलं. कुणी 'बापू जिंदाबाद' लिहिलंय. एकानं हळदीच्या ढिगाचा फोटो टाकलाय. आता ते म्हणतात की मीच माणसं गोळा केली. पानाला कुलूप लावून ठेवलंय."

मंदानं पाणकावळ्याचं वाचून दाखवलं. "ही मतमोजणी नाही. एकाच गावातून आलेली ही मते धरता येणार नाहीत. त्यांनी या पानाबद्दलची शंका वाढवली आहे."

मी बाजेवर बसले. मग झोपले. मग उठून बसले.

तवा गावानं ह्यांना मत न देऊन पाडलं. आता मत देऊन पाडलं.

हसू आलं मला. मंदा माझ्याकडं बघून राहिली, "आई, हसता काहून?" म्हणलं, तू लिही. पण हसता हसता पाणी आलं ते लिहू नको. (लिहिलं. — मंदा)

दत्ता दाराशी येऊन उभा राहिला, आत येईना. म्हणलं, ये रे, चहा घे. तुझी काय चूक? उभं राहणाऱ्याला मत द्यायचं असतं, एवढंच आपल्याला कुणी शिकवलं.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

आठ दिवस भरले. निकाल न्हाई. मुदत वाढवली म्हणे, आणखी थोडे दिवस. कुणी वाढवली? प. म्हणती, पाणकावळ्यानंच सांगितलं वाढवा. "मते बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच, मला आणखी शोधायचे आहे."

काय शोधतोय बाबा?

मुलाबरोबर मोटरसायकलवर चारीपर्यंत जाऊन आले. गजानन म्हणजे मंदाचा नवरा. चारी म्हणजे कालव्यातून फुटलेला लहान पाट, आमच्या गावाला हिच्यातून पाणी. आमी कालव्याच्या शेपटाला. आधी पाणी इथवर पोचायचंच न्हाई, वरच्या गावातच सरायचं. चारीच्या तोंडाशी दगड आहे, त्याच्यावर कोरलंय. मी बोट फिरवलं. गजाननला विचारलं, काय काय नावं हायत? त्यानं वाचली. निवडून आलेल्याचं, साहेबाचं, ठेकेदाराचं. ह्यांचं न्हाई.

दगड उन्हानं तापला होता. चारीत पाणी होतं. पाण्याला काय, ते नाव वाचून थोडंच वाहतंय.

पण मला वाचता आलं असतं तर तो पेपर... जाऊ दे. पुढं नको लिहू.


२२ फेब्रुवारी, रविवार

प.चा फोन, आवाज बदललेला. पाणकावळ्यानं तिला वेगळं लिहिलं. भला माणूस निघाला. चार दिवस जुने पेपर धुंडाळून राहिलाय, जेवढे मोबाईलवर दिसतात तेवढे सगळे. तिन्ही निवडणुकांची मतं काढली. डिपॉझिट जप्त झालेलं काढलं.

म्हणलं, ते काढायला चार दिवस कशाला, मला विचारायचं होतं.

पण बघ. माझ्या माणसाला इतकं कुणी शोधलं न्हाई. तो जिता होता तवा आमी शोधलं न्हाई, रानात गेला म्हणून भाकरी झाकून ठेवली अन् झोपलो. हा परका पोरगा, नाव न गाव, बसून शोधतोय. काढून टाकायसाठी शोधतोय का ठेवायसाठी, त्यालाच ठाऊक.

त्यानं विचारलंय: "तुमच्या आजोबांनी निवडणूक हरण्याव्यतिरिक्त काय केले? आजींना विचारता येईल का?"

मंदा हसायला लागली. मी न्हाई हसले. प्रश्न बराबर आहे. मीच ह्यांना हा प्रश्न लई वेळा विचारला होता. ह्याच बाजेवर.


२३ फेब्रुवारी, सोमवार

मंदा, हे नीट लिही, प.ला वाचून दाखवायचं आहे, ती त्याला सांगेल.

दुसऱ्यांदा पडले, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. अंगणात जीप आली. निवडून आलेला माणूस उतरला. नाव घेत न्हाई. मी चहा ठेवला. तो बाजेवर बसायला लागला, मग थांबला, म्हणाला, "बापू, तुमी बसा वर." मालक म्हणाले, न्हाई, रीत हाय, बोलणारा खाली न्हाई बसत. तर तो वर बसला अन् म्हणाला, "मी बोलायला न्हाई आलो. विचारायला आलो. एवढी गावं फिरलात, बाजेवर बसून लोक काय म्हणाले?"

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. गावाचं नाव घ्यायचे अन् कोण काय म्हणालं ते सांगायचे. कुठं पाणी वरच्या गावातच सरतं, कुठं पूल न्हाई म्हणून बाळंतीण अडली, कुठं मास्तर येत न्हाई. तांड्यावरची धनीबाई काय म्हणाली तेबी सांगितलं. ती म्हणाली होती, "इलेक्शनला माणसं उभ्या उभ्या येतात अन् उभ्या उभ्या जातात, बस म्हणणारा तूच." ते कामाचं न्हवतं, तरी सांगितलं. कुठं काय लिहून ठेवलं न्हवतं. सगळं डोक्यात. चष्मा विसरणारा माणूस, पण कोण बाजेवर बसून काय बोललं ते एक विसरला न्हाई. दुसऱ्या चहाला दूध संपलं, मी शेजारून आणलं.

चारी त्याच्या पुढं झाली. तोंडाशी दगड लागला.

मी तवा म्हणलं होतं, तुमचं सगळं त्याला देऊन टाकलं? तर म्हणाले, "माझं काय होतं त्यात? लोकांचं होतं, मी नेऊन पोचवलं."

मग तिसऱ्यांदा काहून उभे राहिले? म्हणे, लोकांना बोलायची सवय लागली, आता बाज न नेली तर वाईट दिसंल.

हे केलं. पडण्याव्यतिरिक्त हे केलं.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाणकावळ्याचा निरोप. फार चांगलं आहे म्हणाला. दोनदा वाचलं म्हणाला. पण कोशात घेता यायचं न्हाई. हे कुठं छापलेलं न्हाई. तोंडी आहे. तोंडी धरत न्हाईत.

मग मी तर सगळी तोंडीच.

जन्माची तारीख तोंडी, लगीन तोंडी, जमिनीचा बांध तोंडी, लेकरांच्या तापावरचा पाला तोंडी. माझं पान करायला गेलं तर पयल्या ओळीलाच लाल चौकट. मी आहे का न्हाई, हे पाणकावळ्यानं ठरवायचं म्हणलं तर अवघड आहे त्याला. बिचारा.

तरी त्याच्यावर राग येत न्हाई. तो म्हणतो, मी ऐकलं म्हणून लिहिलं, तर उद्या कुणीबी काहीबी सांगेल. खरं आहे. दत्तानं शेळीचं मत घेतलंच की.

धनीबाई येऊन बसली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आपण दोघी मेलो की बापूबी संपले?"

दोघी वाफेकडं बघत बसलो. काहिलीतनं हळद काढून पोरं पसरवून राहिली होती, सगळं अंगण सोन्याचं. ह्यांना हा वास आवडायचा. म्हणायचे, गाव शिजतंय.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

पाणकावळा पुण्यातच राहतो. प.नं शोधून काढलं न्हाई, त्यानंच सांगितलं. कुठल्याशा जुन्या ग्रंथालयात आमच्या भागातले पेपर बांधून ठेवलेत, मोबाईलवर न येणारे. शनिवारी दोघं जाऊन पानं चाळणार. फोटोचा पेपर मिळाला, अन् आणखी एखादी बातमी मिळाली, तर पान राहील. न्हाई मिळाली तर जाईल. रविवारी तिसराच कुणीतरी निकाल देणार.

मी विचारलं, "त्याला पान काढायचं हाय ना? मग तो कशाला येतो शोधायला?"

प. म्हणती, "आजी, तो म्हणतो, न्हाई सापडलं तर काढताना मन साफ पायजे."

मला ह्यांची आठवण आली. ह्यांची एक खोड होती. मतमोजणीच्या आदल्या दिवशी समोरच्या उमेदवाराच्या घरी जेवण पाठवायचे. तिन्ही टायमाला पाठवलं. मी भांडायचे. आपण हरणार, अन् त्यानं आपलंच खायचं? तर म्हणायचे, "निकालानंतर पाठवलं तर एक जिंकलेला असतो, एक पडलेला असतो. आज दोघंबी नुसते उभे आहेत. आजच जेवण लागतं तोंडाला." चुलीपाशी मीच असायचे, पिठात हात माझेच, अन् मोठेपणा ह्यांचा.

दुपारी परत डोळा लागला. परत तेच पाणी. बाज रिकामी होती या टायमाला. मी काठावरनं आवाज दिला. नाव घेऊन दिला. पुरतं नाव, आडनावासकट. सपनात लाज वाटली न्हाई. कुठून तरी पाण्यावरनं ओ आली, पण कोणत्या बाजूनं ते कळलं न्हाई.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज प.ला डबा पाठवायचा. संध्याकाळच्या गाडीनं गेला की उद्या सकाळी तिच्या हातात. दत्ता फाट्यावर नेऊन देतो म्हणाला, दोनदा विचारून गेला.

मंदा विचारती, "आई, पान राहील का?"

मला काय विचारती? निशाणी न्हाई, शिक्का न्हाई, मोजायला मतं न्हाईत. कुठल्यातरी पिवळ्या पडलेल्या कागदात ते बाजेपाशी उभे असतील, न्हाईतर कुणाच्या तरी भाकरीसंगं जिरले असतील. दोघं पोरं मान घालून पानं उलटतील. भूक लागंल त्यांना.

मंदा, पेन ठेव अन् ऊठ. ज्वारीचे धपाटे कर, तीळ वरून चांगले दाबून, जरा जाड ठेव म्हणजे प्रवासात तुटत न्हाईत. त्या पाणकावळ्याचे वेगळे अन् प.चे वेगळे, दोन्हीला सारखं तेल. शेंगदाण्याची चटणी कोरडी दे. ओल्या हळदीचं लोणचं बरणीत भर, झाकण घट्ट लाव. दही इथून नको, तिथं घ्या म्हणावं. अन् धपाटे कागदात बांधू नको, फडक्यात बांध. कागदावर कोण असंल, सांगता येत न्हाई.